रिट्रॅक्शनची नोटीस आली की ती कुणाच्या टेबलावर जाते? आपल्या भागातल्या कॉलेजांच्या इंटिग्रिटी पॅनेलना खुलं पत्र

प्रति,
कोल्हापूर, सांगली, सातारा भागातल्या कॉलेजांचे प्राचार्य, आयक्यूएसीचे (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाचे) को-ऑर्डिनेटर आणि संशोधनातली नक्कल तपासणाऱ्या अकॅडमिक इंटिग्रिटी पॅनेलवर ज्यांची ज्यांची नावं आहेत ते सगळे

सर, मॅडम, नमस्कार.

मी कोल्हापुरातल्याच एका कॉलेजचा ग्रंथपाल. कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मग पत्र राहतं बाजूला आणि "ह्यानं हे कुणाविषयी लिहिलंय" एवढीच चर्चा व्हॉट्सॲपवर फिरत बसते, आपल्या गावाचं तुम्हाला माहिताय. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणं पॅनेलवर एक मेंबर सॉफ्टवेअरचं कळणारा लागतो, बऱ्याच ठिकाणी ते लोढणं ग्रंथपालाच्याच गळ्यात पडतं, तसं माझ्या पडलंय. थिसिस आला की पीडीएफ चढवायची, किती टक्के मजकूर दुसरीकडनं उचललाय त्याच्या रिपोर्टची वाट बघायची आणि गाईडांचा फोन आला की आकडा सांगायचा. दहाच्या आत आहे का हो? आहे सर. चला, सुटलो.

खरं तर हे पत्र त्या दहाच्या आकड्याबद्दल नाही, रिट्रॅक्शनबद्दल, म्हणजे छापून आलेला पेपर जर्नलनं अधिकृतपणे मागं घेण्याबद्दल आहे, पण सुरुवात तिथनंच करावी लागणार, कारण आपल्याकडं संशोधनातला गैरप्रकार म्हटलं की तेवढंच डोळ्यासमोर येतं. १० टक्क्यांपर्यंत माफ, १० ते ४० पहिली पातळी, ४० ते ६० दुसरी, ६० च्या वर तिसरी. तिसरीत विद्यार्थ्याचं रजिस्ट्रेशन रद्द, आणि पेपर सरांचा असेल तर तो मागं घ्यायचा, लागोपाठ दोन इन्क्रिमेंट बंद आणि तीन वर्षं गाईडशिप नाही. नियम वाईट नाही, पण शिक्षेचा हा सगळा तक्ता फक्त उचललेल्या मजकुराचा आहे. आकडेच मनानं लिहिले असतील तर? गावात न जाता प्रश्नावल्या हॉस्टेलच्या खोलीत बसून चार पेनांनी भरल्या असतील, एकाच सॅम्पलचा एक्सआरडीचा (क्ष-किरणांनी पदार्थाची रचना बघायच्या चाचणीचा) ग्राफ थोडा ताणून दुसऱ्या सॅम्पलच्या नावानं छापला असेल, तर माझं सॉफ्टवेअर त्यावर काय बोलणार? काहीच नाही. उलट सिमिलॅरिटी एकदम कमी येते, कारण बनवलेला डेटा जगात दुसरीकडं कुठंच नसतो.

आणि जे पकडायचं म्हणतोय ते तरी कुठं नीट पकडतोय म्हणा. "प्लॅग (प्लेजरिझम, म्हणजे उचललेला मजकूर) काढून देतो" म्हणणारे डीटीपीवाले आता कुठल्या शहरात नाहीत. एकजण तर पूर्ण परिच्छेदाला पांढऱ्या रंगातली अवतरणचिन्हं लावून द्यायचा, म्हणजे कागदावर दिसत नाहीत पण सॉफ्टवेअर तेवढा मजकूर कोट समजून सोडून देतं. रिपोर्टमध्ये आकडा मस्त चार-पाच टक्के. मराठी विभागाचं तर विचारूच नका, जुन्या फॉन्टात टाइप केलेला थिसिस सॉफ्टवेअरला मराठी वाटतच नाही, त्याला ती उलटीसुलटी इंग्रजी अक्षरं दिसतात, मग मॅच कशाशी होणार. असले रिपोर्ट आपण सही-शिक्क्यानिशी थिसिसला जोडतो.

असो. मूळ मुद्द्यावर येतो. रिट्रॅक्शन. २०२३ मध्ये जगभरात एका वर्षात १०,००० च्या वर पेपर मागं घेतले गेले, त्यातले ८,००० च्या वर एकट्या हिंदावीचे. हिंदावी म्हणजे वायलीनं २०२१ मध्ये विकत घेतलेली कंपनी, तिचे स्पेशल इश्यू कसे भसाभस निघायचे ते कॅसची, म्हणजे प्राध्यापकांच्या प्रमोशनची, फाईल केलेल्या कुणालाही आठवत असेल. पैसे घेऊन खोटे पेपर बनवून देणाऱ्या पेपर मिलवाल्यांनी गेस्ट एडिटर, रिव्ह्यूअर सगळं आपलंच बसवलं होतं, शेवटी वायलीला ते हिंदावी नाव सुद्धा सोडून द्यावं लागलं.

आता त्या हजारो नोटिशी कधी उघडून वाचल्यात का तुम्ही? वाचा एकदा. बहुतेक एकाच साच्यातल्या आहेत. पिअर रिव्ह्यूमध्ये (छापायच्या आधी त्याच विषयातल्या लोकांनी करायच्या तपासणीत) फेरफार झाल्याची चिन्हं दिसली, त्यामुळं ह्या पेपरच्या विश्वासार्हतेची खात्री देता येत नाही, असं वरती असतं, आणि खाली एक वाक्य असतं जे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आहे. त्यात ते सरळ सांगतात की लेखकांना ह्याची कल्पना होती का, त्यांचा ह्यात हात होता का, हे आम्ही तपासलेलं नाही.

तपासलेलं नाही! मग तपासायचं कुणी?

जर्नल काही पोलीस ठाणं नाही हो. जगभरच्या जर्नलांसाठी कोप नावाची जी समिती नियम घालून देते ती पण हेच सांगते, की रिट्रॅक्शन हे छापलेलं साहित्य दुरुस्त करण्यासाठी आहे, लेखकाला शिक्षा म्हणून नाही, आणि गैरप्रकाराचा संशय असेल तर चौकशी लेखकाच्या संस्थेनं करायची. साहजिक आहे, लंडनमध्ये बसलेल्या एडिटरला तुमच्या केमिस्ट्री डिपार्टमेंटचं लॅब रजिस्टर कसं दिसणार? मशीनचं लॉगबुक, सॅम्पलच्या बाटल्यांवरच्या तारखा, पेपरला पैसे कुणाच्या खात्यातनं गेले, चौथ्या नंबरचा जो लेखक आहे त्याला ह्या विषयातलं ओ की ठो तरी कळतं का, हे सगळं फक्त कॉलेजला कळू शकतं. म्हणजे नोटीस येते तेव्हा प्रकरण संपत नाही, ते तुमच्या गेटवर येऊन उभं राहतं, आणि आपण वॉचमनला सांगतो, सर मीटिंगमध्ये आहेत म्हणून सांग.

मी पूर्वी ज्या कॉलेजात होतो तिथली गोष्ट सांगतो. एका सरांचा पेपर मागं घेतला गेला. मला कळलं कारण कॉलेजची पब्लिकेशनची यादी मी सांभाळायचो आणि नॅकसाठी, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनासाठी, लिंक चालू आहेत का बघताना त्या पेपरच्या पानावर आडवं लाल अक्षरात रिट्रॅक्टेड आलं. मी प्रिंट काढून रीतसर नोट टाकली, आयक्यूएसीकडं. उत्तर लेखी आलं नाही, शिपाई बोलवायला आला. गेलो. को-ऑर्डिनेटर म्हणाले, "अहो, एवढं कशाला लिहून बिहून देताय, यादीतनं ती ओळ काढून टाका की, नॅक तोंडावर आलंय." झालं. एक्सेलमधली एक रो डिलीट. चौकशी नाही, सरांना एका शब्दानं विचारणं नाही. आणि मला अजून वाटतं की त्या सरांना विचारायला पाहिजे होतं, त्यांच्यासाठी सुद्धा, कारण कदाचित त्यांची काही चूक नसेल, कुणीतरी त्यांचं नाव परस्पर घातलं असेल, आजकाल टेलिग्रामवर लेखकाच्या जागा विकायला असतात, पहिल्या जागेचा रेट वेगळा, चौथीचा वेगळा, पेपर आधीच ॲक्सेप्ट झालेला. पण विचारलंच नाही म्हटल्यावर स्टाफरूममध्ये जे व्हायचं ते झालं, प्रत्येकानं आपापली स्टोरी बनवली. ते सर पुढं कायम मान खाली घालून वावरले आणि ज्यांनी खरंच पैसे देऊन पेपर लावलेत ते छाती काढून.

ह्याचा दुसरा बळी विद्यार्थी असतो. पीएचडीची एक मुलगी, दिवसा सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबानं पगारावर, लेक्चर घेणारी, रेफरन्स नीट लावून द्या म्हणून लायब्ररीत लॅपटॉप घेऊन आली. झोटेरोत, म्हणजे रेफरन्स सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये, यादी घातली तशी एका पेपरवर लाल पट्टी आली, हा पेपर मागं घेतलाय म्हणून, ही सोय झोटेरोत २०१९ पासून आहे आणि फुकट आहे. तिच्या तिसऱ्या चॅप्टरची पूर्ण मेथड त्या पेपरवरनं घेतलेली. दोन वर्षं तिचे रिझल्ट त्या पेपरसारखे येत नव्हते आणि ती समजत होती आपल्यालाच प्रयोग जमत नाही. गाईड काय म्हणाले? "आता बदलत बसू नको, व्हायवा झाला की बघू." मी त्या गाईडना नुसतं वाईट म्हणणार नाही, त्यांच्या डोक्यावर सबमिशनची तारीख असते, पण असं एखादं प्रकरण घेऊन जायचं कुठं हे त्यांना पण माहीत नव्हतं. कारण जागाच नाही. पॅनेल आहे ते टक्केवारीचं.

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, पडला एखादा खोटा पेपर कपाटात तर कुणाचं काय बिघडतंय. बिघडतं. जर्मनीत योआखिम बोल्ट म्हणून भूलतज्ज्ञ होते, त्यांच्या पेपरांवर विसंबून ऑपरेशनच्या आणि आयसीयूच्या पेशंटला एका प्रकारचं स्टार्चचं सलाईन सुरक्षित मानलं जात होतं. त्यांच्या कामातली लबाडी बाहेर आली, पेपर ढिगानं मागं घेतले गेले, आणि २०१३ मध्ये जामा जर्नलमध्ये एका टीमनं त्यांचे ट्रायल बाजूला काढून उरलेल्या अभ्यासांची पुन्हा बेरीज केली तर त्या सलाईननं किडनीचं नुकसान आणि मृत्यू दोन्हींचं प्रमाण वाढतं असं निघालं. बोल्टचे आकडे त्यात मिसळलेले होते तोवर मृत्यूचं हे वाढलेलं प्रमाण स्पष्ट दिसत नव्हतं. लसीमुळं ऑटिझम होत असावा असं सुचवणारा वेकफिल्डचा १२ मुलांवरचा पेपर लॅन्सेटमध्ये १९९८ ला आला आणि पूर्ण मागं घ्यायला २०१० उजाडलं. मधल्या १२ वर्षांत घाबरून लस न दिलेल्या पोरांना त्या रिट्रॅक्शनचा काय उपयोग?

चौकशी नीट होऊ शकते ह्याचं पण उदाहरण आहे. नेदरलँडमध्ये डिडेरिक स्टापेल नावाचे मानसशास्त्राचे नामांकित प्रोफेसर, डीन होते. त्यांच्याच विभागातल्या तीन तरुण संशोधकांनी तक्रार केली, २०११ मध्ये टिलबर्ग विद्यापीठानं त्यांना निलंबित केलं, ते आधी जिथं जिथं होते त्या दोन विद्यापीठांनी पण समित्या नेमल्या, आणि २०१२ मध्ये एकत्र रिपोर्ट काढला, पेपर एकेक करून, कुठला खोटा, कुठला संशयास्पद, सगळं जाहीर. आणि ज्या पीएचडीच्या पोरांनी सरांनी दिलेला डेटा खरा समजून वापरला होता त्यांना दोषी धरलं नाही. आपल्याकडं काय झालं होतं बघायचं तर पंजाब विद्यापीठातलं व्ही. जे. गुप्ता प्रकरण काढा. हिमालयात सापडले म्हणून दाखवलेले जीवाश्म मुळात मोरोक्कोसारख्या ठिकाणचे आहेत हे जॉन टॅलेंट ह्या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञानं १९८९ मध्ये नेचरमध्ये छापून आणलं, जगभर बोभाटा झाला, आणि गुप्ता निवृत्तीपर्यंत नोकरीत राहिले.

आता एक नवीन गोष्ट आलीय आणि खरं तर तिच्यामुळंच हे पत्र लिहायला बसलो. एनआयआरएफनं, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज-विद्यापीठांच्या रँकिंगनं, २०२५ पासून रिट्रॅक्ट झालेल्या पेपरसाठी मार्क कापायला सुरुवात केलीय. हेतू चांगला आहे, मान्य. पण त्याचा आपल्याकडं परिणाम काय होणार हे मला त्या एक्सेलच्या रो वरनं आत्ताच दिसतंय. फ्रान्सेस अर्नोल्ड माहीत असतील तुम्हाला, २०१८ चं केमिस्ट्रीचं नोबेल. त्यांचा २०१९ चा सायन्स जर्नलमधला पेपर त्यांनी २०२० च्या जानेवारीत स्वतःहून मागं घेतला, कारण प्रयोग पुन्हा करून बघितला तर तसा येईना आणि पहिल्या लेखकाच्या लॅब नोटबुकात महत्त्वाच्या नोंदी आणि मूळ डेटा सापडेना. बाईंनी स्वतः ट्विट करून माफी मागितली, कामात बिझी होते, माझं काम मी नीट केलं नाही म्हणाल्या. जगानं त्यांना नावं ठेवली नाहीत, कौतुकच केलं. आता हेच आपल्याकडच्या एखाद्या मॅडमनी केलं तर? प्राचार्य बोलवून विचारतील, "मॅडम, गप बसला असता तर कुणाला कळलं असतं? आपला मार्क गेला ना!" म्हणजे जो चूक कबूल करतो त्यानं कॉलेजचं नुकसान केलं आणि जो पैसे देऊन खोटा पेपर लावून गप्प बसला तो कॉलेजचा हिरो. रिट्रॅक्शनची भीती घालून संशोधन सुधारणार नाही, फक्त रिट्रॅक्शन कमी होतील, खोटे पेपर आहेत तेवढेच राहतील. भीती लबाडीची पाहिजे, दुरुस्तीची कशाला?

२०२५ च्या जूनमध्ये प्राडानं मिलानच्या शोमध्ये आपल्या चपलेसारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नाव सुद्धा घेतलं नाही, तेव्हा आपलं अख्खं गाव कसं उठलं होतं बघा. जीआय टॅग आहे आमचा, श्रेय द्या, कारागिरांचं नाव घ्या. बरोबरच होतं ते, आणि शेवटी कंपनीला मान्य करावं लागलं. माझ्या स्टाफरूममध्ये तर लोक इतके तापलेले की विचारू नका. त्यातलेच एक-दोघंजण मी ओळखतो ज्यांनी विद्यार्थ्याच्या डिझर्टेशनचा पेपर करून त्यावर पहिलं नाव स्वतःचं टाकलंय आणि पोराचं नाव आभारात. कारागीर फक्त चपलेचाच असतो काय राव?

तर सर, मॅडम, माझं म्हणणं एवढंच आहे की ह्या नोटिशीला कॉलेजात एक टेबल द्या. पॅनेल आधीच आहे, नियमात त्यावर बाहेरचा माणूस घ्यायची तरतूद पण आहे, तो माणूस खरोखर बाहेरचा घ्या, संस्थाचालकांचे साडू नकोत. नियमाप्रमाणं विभागाच्या पॅनेलला ४५ दिवस, संस्थेच्या पॅनेलला ४५ दिवस अशी मुदत आहे प्लेजरिझमच्या तक्रारीला, तीच मुदत रिट्रॅक्शनच्या नोटिशीला पण लावा, त्यासाठी यूजीसीची वाट कशाला बघायची, कॉलेज काउन्सिलमध्ये ठराव करा की. नोटीस आली की संबंधितांना लेखी विचारा, मूळ डेटा मागवा, आणि निष्कर्ष काय तो दोन ओळीत वेबसाईटवर टाका. प्रामाणिक चूक असेल तर तसं स्पष्ट लिहा, म्हणजे त्या माणसाला स्टाफरूममध्ये मान वर करून बसता येईल. लबाडी असेल तर कॅसमध्ये त्या पेपरचे घेतलेले मार्क परत काढा, प्रमोशन मिळालेलं असलं तरी. हे शेवटचं सगळ्यांना झोंबणार, मला माहिताय.

आणि तक्रार करणाऱ्या पोराचं नाव गाईडपर्यंत पोचू देऊ नका. स्टापेलच्या वेळेस ज्युनिअर लोकांनी तोंड उघडलं म्हणून कळलं, आपल्याकडं ज्युनिअरनं तोंड उघडलं तर त्याच्या सिनॉप्सिसवर सही व्हायला वर्ष जातं. मूळ डेटा सांभाळण्याचं पण बघा जरा. थिसिसच्या पाच हार्डबाउंड प्रती सोनेरी अक्षरांच्या मागता, मग त्याबरोबर भरलेल्या प्रश्नावल्यांचं आणि मशीनच्या फाईलींचं एक फोल्डर का नाही मागत? जागा लागते म्हणाल तर एक हार्ड डिस्क लागते. लायब्ररीत ठेवतो मी.

यूजीसीनं २०२२ मध्ये पीएचडीसाठी पेपर सक्तीचा ठेवला नाही, २०२५ मध्ये मान्य जर्नलांची केअर लिस्ट पण बंद केली, जर्नल कुठलं चांगलं ते आता संस्थांनी आपलं आपण ठरवायचं. म्हणजे वरनं कुणी यादी देणार नाही. जबाबदारी सगळी आपल्यावर आलीय आणि आपण अजून जुन्या यादीचे स्क्रीनशॉट फाईलला लावतोय.

पैसे लागतील, माणसं नाहीत, पोस्टं रिकामी आहेत, हे मला सांगू नका, मी पण तसल्याच कॉलेजात काम करतो. मागं घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचचा पूर्ण डेटाबेस सप्टेंबर २०२३ मध्ये क्रॉसरेफ नावाच्या संस्थेनं घेतला आणि सगळ्यांना खुला केला, साधी सीएसव्ही फाईल आहे, कुणीही डाउनलोड करू शकतं. तुमच्या कॉलेजच्या पब्लिकेशनच्या यादीत डीओआयचा, म्हणजे प्रत्येक पेपरला मिळणाऱ्या कायमच्या नंबरचा, कॉलम असेल तर एक्सेलमध्ये एक व्हीलुकअप लावायचा, दोन याद्या जुळवून बघायच्या, चहा येईपर्यंत होतं. ज्या कॉलेजला पाहिजे त्यांनी यादी पाठवावी, मी फुकट करून देतो, फक्त डीओआय नीट कॉपी-पेस्ट केलेले पाठवा, नॅकच्या फाईलमधल्यासारखे मागं स्पेस आणि पुढं फुल स्टॉप असलेले नकोत, त्यात लई वेळ जातो. आणि एक अट आहे, यादी पाठवायच्या आधी त्यातल्या ओळी काढू नका.

आपला,
एक ग्रंथपाल, कोल्हापूर